संस्कार कुठला आणि रीत कुठली: कॅथलिक घरात नव्यानं आलेल्यांसाठी

वसई-विरार पट्ट्यात किंवा खाली सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडे एखाद्या कॅथलिक घराशी नातं जुळलं, की वर्षाला चार-दोन आमंत्रणं ठरलेली. कुणाच्या बाळाचा बाप्तिस्मा, कुणाचं पहिलं कम्युनियन, एखाद-दुसरं लग्न. मध्येच रात्री फोन येतो, आजींना फादर तेल लावून गेले. या सगळ्यात फुलं, बँड, फोटो आणि जेवण इतकं असतं की धर्माचा गाभा कुठला आणि गावची हौस कुठली, हे नवख्याला उमगत नाही. घरातल्यांना विचारावं तर तेही गोंधळतात, कारण त्यांनी दोन्ही लहानपणापासून एकत्रच पाहिलेलं असतं.

सून, जावई, शेजारी, सहकारी, आणि शाळेत असताना धर्मशिक्षणाच्या वर्गाला बसून नंतर सगळं विसरलेले कॅथलिक, अशा सगळ्यांना पुढच्या पायऱ्या उपयोगी पडाव्यात. मी त्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकातल्या क्रमानं मांडलेल्या नाहीत. तुमच्या वाट्याला संस्कार ज्या क्रमानं येतात, तोच इथं धरला आहे.

पायरी १: ओळखायचं कसं, ते आधी ठरवा

कॅथलिक चर्च सात संस्कार मानतं: बाप्तिस्मा म्हणजे स्नानसंस्कार, दृढीकरण, ख्रिस्तशरीर म्हणजे कम्युनियन, पापनिवेदन, रुग्णाभिषेक, गुरुदीक्षा म्हणजे फादर होण्याची दीक्षा, आणि विवाह. सात हा आकडा ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं 1547 साली अधिकृतपणे पक्का केला. कोकणातल्या प्रोटेस्टंट मंडळी बहुतेक दोनच मानतात, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. त्यामुळे ‘ख्रिश्चनांत असं असतं’ हे वाक्य टाळलेलं बरं.

कुठल्याही विधीत तीन गोष्टी शोधा: डोळ्यांना दिसणारी वस्तू किंवा कृती, ठरलेलं वाक्य, आणि ते म्हणण्याचा अधिकार असलेला माणूस. बाप्तिस्म्यात पाणी, रुग्णाभिषेकात तेल, कम्युनियनमध्ये गव्हाची भाकर आणि द्राक्षांची वाइन. पापनिवेदनात आणि लग्नात अशी हातात धरायची वस्तू नसते. तिथं पश्चात्ताप करणाऱ्याचं बोलणं आणि वधूवरांचा होकार हेच मुख्य. या साध्या कृतीतून ख्रिस्त स्वतः काम करतो आणि जे उच्चारलं ते खरोखर घडतं, अशी कॅथलिकांची श्रद्धा आहे. म्हणून फादरचा स्वभाव, आवाज किंवा प्रवचन कसंही असलं तरी संस्कार पूर्णच होतो. (आमच्याकडे ओट्यावर बसून फादरांची चिरफाड करण्यात कुणी कमी नाही. पण त्यांनी दिलेला बाप्तिस्मा कुणी कच्चा धरत नाही.)

बाकीच्या गोष्टींचे दोन गट पडतात. राखेच्या बुधवारची कपाळावरची राख, झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या, दाराशी ठेवलेलं पवित्र पाणी, नव्या घराला किंवा होडीला दिलेला आशीर्वाद, आगेऱ्याला, म्हणजे सुगीच्या सणाला, चर्चमध्ये नेलेल्या भाताच्या लोंब्या: हे चर्चचे आशीर्वाद. ते मनापासून घ्यावेत, पण ते संस्कार नव्हेत. दुसरा गट निव्वळ रीतीभातींचा. ईस्ट इंडियन, म्हणजे वसई-मुंबईकडच्या मूळ कॅथलिक घरांत लग्नाआधी वाजतगाजत आणायचं उंबराचं पाणी, दक्षिणेकडच्या कोकणी घरांत वधूवरांना नारळाच्या दुधानं माखायचा रोस. यातलं काही राहून गेलं तर मावशी रुसतील, लग्नाला काही होणार नाही.

पायरी २: रविवारी मिस्साला जा आणि मागच्या बाकावर बसा

सुरुवात बाप्तिस्म्यापासून करावी असं वाटतं खरं, पण दर आठवड्याला हमखास पाहायला मिळणारा संस्कार मिस्सातच, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेतच आहे. वसईच्या गावांत मिस्सा मराठीत होते, दक्षिणेत काही ठिकाणी कोकणीतही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेआधी, म्हणजे 1960च्या दशकाच्या मध्यापर्यंत, ती लॅटिनमध्ये असे. आता तुम्हाला पहिल्या दिवसापासून शब्द कळतात, ही मोठीच सोय.

मिस्साचे ढोबळ दोन भाग. पहिल्यात बायबलमधली वाचनं आणि प्रवचन, दुसऱ्यात वेदीवर भाकर आणि वाइन. शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधली येशूची कथा, वाचताना सगळे उभे राहतात, तुम्हीही राहा. दुसऱ्या भागात फादर भाकर हातात घेऊन ‘हे माझे शरीर आहे’ म्हणतात, तेव्हा बहुतेक लोक गुडघ्यांवर असतात. तुम्ही शांत बसून राहिलात तरी कुणाला खटकत नाही. शांतीचा क्षण आला की आजूबाजूचे हात जोडून तुमच्याकडे बघतील. तुम्हीही हात जोडा.

मग लोक रांग लावून पुढे जातात. नवखी माणसं नेमकी इथं अडखळतात. देवळात प्रसाद नाकारू नये असं आपल्याला घरी शिकवलेलं असतं. त्यामुळे रांगेत जाऊन ओंजळ पुढे करावीशी वाटते. तसं करू नका. बाप्तिस्मा झालेल्या, तयारी करून पहिलं कम्युनियन घेतलेल्या कॅथलिकांसाठीच ते असतं. फादर ‘ख्रिस्ताचे शरीर’ म्हणतात आणि घेणारा ‘आमेन’ म्हणतो. या भाकरीत ख्रिस्त खरोखर आहे, ही निव्वळ आठवण नव्हे, असं मी मानतो, हा त्या एका शब्दाचा अर्थ. ज्याचा तसा विश्वास नाही त्याच्या तोंडून तो वदवून घेणं चर्चला बरोबर वाटत नाही. तुम्ही जागेवर बसून राहा, बाकावरून बाहेर पडणाऱ्यांना पाय आखडून वाट द्या. काही ठिकाणी छातीवर हातांची घडी घालून पुढे गेलं तर फादर नुसता आशीर्वाद देतात. तशी पद्धत तिथं आहे का, हे सोबतच्या माणसाला आधी विचारा.

चुकून ती पांढरी, पातळ चकती हातात आलीच तर खिशात ठेवू नका, घरच्यांना दाखवायला नेऊ नका. तिथंच फादरला परत द्या आणि ‘मी कॅथलिक नाही’ असं सांगा. कुणी रागावत नाही.

कॅथलिकांसाठीही नियम आहेतच. कम्युनियनआधी तासभर काही खायचं-प्यायचं नाही. पाणी आणि औषधं चालतात, आजाऱ्यांना आणि वृद्धांना सूट. मनावर गंभीर पापाचं ओझं असेल तर आधी पापनिवेदन. म्हणून रांगेत न गेलेल्या एखाद्याला ‘तू का नाही गेलास?’ असं विचारू नका. हा प्रश्न आपल्याकडे सर्रास विचारला जातो आणि तो अगदी चुकीचा आहे.

मुलांना पहिलं कम्युनियन साधारण सातव्या वर्षानंतर, वर्गाची तयारी झाली की देतात. पूर्वी मुलं बरीच मोठी होईपर्यंत थांबावं लागे. पोप दहावे पायस यांनी 1910 साली हे वय खाली आणलं. हल्ली या दिवसाला लग्नासारखे हॉल घेतले जातात, मुलींचे गाऊन भाड्यानं आणले जातात. माझं मत विचाराल तर त्यातला निम्मा खर्च वाचवावा आणि त्या दिवशी लेकराला भूक लागण्याआधी घरी आणावं.

पायरी ३: बाप्तिस्म्याला बोलावलं तर पुढे उभे राहा

इथं मागे बसू नका, दिसायला हवं. बाळाच्या डोक्यावर तीनदा पाणी ओततात आणि प्रत्येक वेळी एक नाव घेतात: ‘मी पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने तुझा बाप्तिस्मा करतो.’ संस्कार एवढाच. वाक्यात ‘मी’च हवा. ‘आम्ही’ म्हणून केलेला बाप्तिस्मा वैध नाही, असं व्हॅटिकननं 2020 साली स्पष्ट केलं. त्यानंतर सुवासिक पवित्र तेल, पांढरं वस्त्र आणि मेणबत्ती येते. ही मेणबत्ती वेदीजवळच्या उंच पास्का, म्हणजे ईस्टरच्या मेणबत्तीवरून पेटवतात. त्या मोठ्या मेणबत्तीवर चालू वर्षाचे चार आकडे असतात, जवळून पाहा.

बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच. त्यानं माणसासोबत जन्मतःच येणारं मूळ पाप धुतलं जातं आणि माणूस चर्चचा होतो, ही शिकवण. पुढे त्यानं धर्म सोडला तरी हा शिक्का पुसत नाही. परत आल्यावर पुन्हा पाणी ओतत नाहीत. दृढीकरण आणि गुरुदीक्षाही याच जातीच्या, एकदाच होणाऱ्या. आणखी एक गोष्ट अनेक कॅथलिकांनाही ठाऊक नसते: जीव धोक्यात असेल तर बाप्तिस्मा कुणीही देऊ शकतं, अगदी हिंदू नर्सही. साधं पाणी, तेच वाक्य आणि चर्चला जे अभिप्रेत आहे ते करायची इच्छा एवढं पुरतं.

धर्मपिता किंवा धर्ममाता व्हायला तुम्हाला विचारलं तर गडबडू नका. त्यासाठी कॅथलिक, दृढीकरण झालेला, साधारण 16 वर्षं पूर्ण केलेला माणूस लागतो. एक असला तरी चालतो, दोन असतील तर एक स्त्री आणि एक पुरुष. तुम्ही कॅथलिक नसाल तर नाव चालणार नाही हे घरच्यांना आधीच सांगा, म्हणजे ऐन वेळी चर्चच्या ऑफिसात खोळंबा होणार नाही. नुसता मानाचा पाहुणा म्हणून बाळाला धरायला कुणाची ना नसते.

आता ऑफिसातली ती मोठी, कापडी पाठीची वही. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत बाळाचं नाव, जन्मतारीख, बाप्तिस्म्याची तारीख, आईवडील, धर्मपिता-धर्ममाता आणि फादरांची सही असते. ओळीच्या शेवटी शेऱ्याची जागा कोरी असते, आणि ती मुद्दाम कोरी असते. पुढे या बाळाचं दृढीकरण झालं, लग्न झालं, ते फादर झालं किंवा एखादी सिस्टर म्हणून कायमची शपथ घेतली, तर ती नोंद याच ओळीत येते. लग्न मुंबईत किंवा आखातात लागलं तरी तिकडच्या चर्चनं बाप्तिस्म्याच्या मूळ गावी कळवायचं असतं. म्हणून लग्नाच्या वेळी बाप्तिस्म्याचा जुना, लॅमिनेट केलेला दाखला चालत नाही. नव्यानं काढलेला, शेऱ्यांसकट आणि सहसा सहा महिन्यांच्या आतला मागतात. माणूस अविवाहित आहे की नाही, ते त्या कोऱ्या जागेवरूनच कळतं.

पायरी ४: पापनिवेदनाच्या रांगेला घाबरू नका

ईस्टरआधीच्या उपवासकाळात आणि नाताळच्या आधी चर्चमध्ये लांब रांगा दिसतील. सावंतवाडीकडे याला कुमसार म्हणतात. रांगेतला माणूस गुडघे टेकतो किंवा समोर बसतो, शेवटचं पापनिवेदन केव्हा केलं ते सांगतो, मग पापं सांगतो, लांबण न लावता आणि दुसऱ्याची न सांगता. सासूची गाऱ्हाणी हे पापनिवेदन होत नाही. फादर दोन शब्द बोलतात, प्रायश्चित्त म्हणून एखादी प्रार्थना किंवा सत्कृत्य सांगतात आणि क्षमेचं वाक्य उच्चारतात. कुणाचे पैसे बुडवले असतील तर ते परत करण्याचा इरादाही लागतो. नुसत्या तीन ‘नमो मरिया’ म्हणून सुटका नाही.

ऐकलेलं फादरनं कुणालाही, कुठल्याही कारणानं सांगायचं नाही. मोडलं तर चर्चची सर्वांत कडक शिक्षा. हा संस्कार बाप्तिस्मा झालेल्यांसाठीच आहे. पण बाप्तिस्मा नसलेल्या माणसानं मन मोकळं करायला फादरांशी वेळ ठरवून बोलायला कसलीच आडकाठी नाही.

बऱ्याच वर्षांनी परत येणाऱ्या कॅथलिकांनी सरळ सांगावं, ‘फादर, मला पद्धत आठवत नाही.’ पुढचं ते बघून घेतात.

पायरी ५: लग्न ठरलं तर सहा महिने आधी ऑफिस गाठा

फादर लग्न ‘लावतात’ असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात हा संस्कार वधू आणि वरच एकमेकांना देतात. फादर आणि दोन साक्षीदार तो होकार ऐकतात. म्हणून व्हिडिओवाल्याला सांगा की त्या वेळी मध्ये येऊ नकोस. अंगठ्या, अनेक ठिकाणी मंगळसूत्र, फुलं हे त्यामागून येतं.

कागदपत्रांत बाप्तिस्म्याचा ताजा दाखला, दृढीकरणाचा दाखला आणि विवाहपूर्व शिबिराचं प्रमाणपत्र लागतं. दोघांच्याही धर्मग्रामांत, म्हणजे आपापल्या चर्चमध्ये, तीन रविवार नावं वाचली जातात. कुणाला अडचण माहीत असेल तर त्यानं ती सांगावी, यासाठी. उपवासकाळात सहसा लग्नं ठेवत नाहीत, त्यामुळे ईस्टरनंतर मे महिन्यापर्यंत तारखांची मारामार असते. हॉल आधी बुक करून मग फादरांकडे जाणारे दरवर्षी तोंडघशी पडतात.

जोडीदार कॅथलिक नसेल तर हे नीट वाचा. तो दुसऱ्या पंथाचा, पण बाप्तिस्मा झालेला ख्रिस्ती असेल तर बिशपांची परवानगी लागते आणि लग्न संस्कारच ठरतं. तो हिंदू, मुस्लिम, बौद्ध, जैन असेल तर खास सूट घ्यावी लागते. ती मिळून चर्चमध्ये लागलेलं लग्न चर्चच्या दृष्टीनं पूर्ण वैध असतं, मात्र ते संस्कार नसतं, कारण संस्काराला दोघांचाही बाप्तिस्मा हवा. पुढे त्या जोडीदारानं आपल्या इच्छेनं बाप्तिस्मा घेतला तर तेच लग्न संस्कार होतं, पुन्हा लावावं लागत नाही. आपली श्रद्धा टिकवण्याचं आणि मुलांना कॅथलिक वाढवण्यासाठी होईल तितके प्रयत्न करण्याचं वचन कॅथलिक व्यक्ती देते. दुसऱ्याकडून वचन घेत नाहीत, त्याला फक्त याची कल्पना देतात. या मुद्द्यावर दोघांनी लग्नाआधीच, एकांतात आणि स्पष्ट बोलावं. बारशाच्या वेळी दोन्हीकडची माणसं जमली असताना हा विषय निघाला तर त्याचं भांडण होतं.

लग्नासाठी बाप्तिस्मा घेण्याची सक्ती नाही. कुणी नातेवाईक तसं सांगत असेल तर ते त्या नातेवाइकाचं मत समजा.

पायरी ६: आजारी माणसासाठी फादरांना वेळेवर बोलवा

मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते इथं. ‘फादर तेल लावून गेले’ हे वाक्य आपल्या गावांत अजूनही ‘आता काही खरं नाही’ या अर्थानं बोललं जातं. पूर्वी या संस्काराला अंतिम अभ्यंग म्हणत आणि तो अगदी शेवटच्या घटकेला देत. व्हॅटिकन परिषदेनं 1963 साली सांगितलं की हा मरणाच्या दारातल्यांचाच संस्कार नाही. आजारपणामुळे किंवा वयामुळे धोका सुरू झाला की वेळ झालीच. मोठ्या शस्त्रक्रियेआधी घ्यावा, थकलेल्या म्हाताऱ्यांनी घ्यावा, आजार बळावला तर पुन्हा घ्यावा. तरी घरचे थांबतात. फादर दिसले तर आजोबा धसका घेतील, असं त्यांना वाटतं. मग माणूस बेशुद्ध झाल्यावर धावपळ सुरू होते. गेलेल्या माणसाला हा संस्कार देत नाहीत. त्याच्यासाठी प्रार्थना करतात.

एक सोपा उपाय आहे. 11 फेब्रुवारी हा चर्चचा जागतिक रुग्णदिन. त्या सुमारास अनेक ठिकाणी आजाऱ्यांसाठी मिस्सा ठेवून तेल लावतात. आजोबांना तिथं घेऊन जा. आपल्यासारखे वीस-पंचवीस जण तेल लावून घेऊन चहा पीत बसलेले पाहिले की भीती निम्मी होते.

घरी बोलावताना फोनवर तीन गोष्टी सांगा: माणूस शुद्धीवर आहे का, बोलू शकतो का, घास गिळता येतो का. त्यावरून पापनिवेदन आणि कम्युनियन सोबत द्यायचं का, ते फादर ठरवतात. पलंगाजवळ छोटं टेबल, स्वच्छ पांढरं कापड, क्रूस, मेणबत्ती आणि अर्धा पेला पाणी ठेवा. ऑक्सिजन चालू असेल तर मेणबत्ती अजिबात लावू नका. टीव्ही बंद करा. फादर कपाळाला आणि तळहातांना तेल लावतात. आजारी माणसाला पापं सांगायची असतील तर सगळे थोडा वेळ बाहेर जा, सूनबाईनंही आणि मोठ्या मुलानंही. मरणाच्या वाटेवरच्या माणसाला दिलेलं कम्युनियन ही त्याची शिदोरी मानतात. गिळता येत नसेल तर अगदी कणभर, पाण्याबरोबर दिलं तरी चालतं.

उरलेले दोन

दृढीकरण सहसा किशोरवयात होतं आणि बहुधा बिशप येऊन देतात. कपाळावर पवित्र तेलाचा क्रूस करतात. बाप्तिस्म्याच्या वेळी आईवडिलांनी जे कबूल केलं ते आता मुलगा स्वतःच्या तोंडानं म्हणतो आणि पवित्र आत्म्याचं बळ मागतो.

गुरुदीक्षा पाहायची संधी मिळाली तर चुकवू नका. दीक्षार्थी जमिनीवर पालथे पडलेले असतात आणि सगळं चर्च संतांची नावं गात असतं. त्यानंतर बिशप एक शब्दही न बोलता त्यांच्या डोक्यावर हात ठेवतात. वसईचा वेगळा धर्मप्रांत 1998 साली झाला, सिंधुदुर्गचा 2005 साली, त्यामुळे आता या दीक्षा जवळपासच होतात. सिस्टरांच्या शपथा हा संस्कार नव्हे, तो वेगळा विधी आहे.

स्वतःला यात यावंसं वाटलं तर

घाई नको, आणि कुणाच्या सांगण्यावरून तर नकोच. तुमच्या भागातल्या चर्चच्या प्रमुख धर्मगुरूंना भेटा. मोठ्या माणसाची तयारी साधारण वर्षभर चालते: रविवारची मिस्सा, आठवड्याचा वर्ग, सोबतीला एक जाणता कॅथलिक. मध्येच थांबावंसं वाटलं तर थांबता येतं. शेवटी ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरणात बाप्तिस्मा, दृढीकरण आणि पहिलं कम्युनियन एकाच वेळी होतं. ते जागरण पाहायला मात्र कुणीही जाऊ शकतं. अंधारात सुरू होतं आणि दोन-तीन तास चालतं, तेव्हा जेवून जा आणि बाकावर जागा हवी असेल तर अर्धा तास आधी पोहोचा.